जर्नल खरं की बोगस? 'यूजीसी केअर' यादी बंद झाल्यावर ते ओळखायचं कसं

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघालं की शेंद्रा एमआयडीसी लागते. मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने इथे आहेत. कुठलाही भाग गाडीला लागण्याआधी तपासला जातो आणि मापात बसला नाही तर बाजूला काढला जातो. तपासणाऱ्याने न बघताच शिक्का मारला, तरी भाग त्या दिवशी चकचकीतच दिसतो. फरक कळतो तो नंतर, रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर.

संशोधनाचंही असंच आहे. शोधनिबंध जर्नलमध्ये छापून आला, म्हणजे कुणीतरी जाणकाराने तो तपासला, असं आपण धरून चालतो. त्यावर डॉक्टर औषध ठरवतात, सरकार धोरण आखतं, प्राध्यापकांना बढती मिळते आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'संशोधनात सिद्ध झालंय' असा मेसेज येतो. पण तपासणी झालीच नसेल तर?

भारतात हा प्रश्न सोडवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, आधी एक यादी काढली. ती फसली. मग पुण्यातून दुसरी यादी तयार झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी कॉलेजांवर आणि खुद्द संशोधकांवर आहे. म्हणूनच हे सगळं नेमकं काय आहे, ते समजून घेऊ.

थोडक्यात

- चांगल्या जर्नलमध्ये छापण्याआधी त्या विषयाचे तज्ज्ञ शोधनिबंध तपासतात. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात.
- पैसे घेऊन, न तपासता छापणाऱ्या जर्नलना 'प्रीडेटरी' म्हणजे लुबाडणारी जर्नल म्हणतात.
- दुसऱ्या जर्नलचं नाव आणि नंबर चोरून चालवलेल्या जर्नलला 'क्लोन' किंवा 'हायजॅक्ड' जर्नल म्हणतात. एका मराठी मासिकाच्या बाबतीतही हे घडलं आहे.
- 'यूजीसी अप्रूव्हड' किंवा 'यूजीसी केअर लिस्टेड' या शिक्क्यावर आता विसंबता येत नाही.

जर्नल म्हणजे काय, आणि पीअर रिव्ह्यू कसा होतो?

जर्नल म्हणजे एखाद्या विषयातलं नवं संशोधन छापणारं नियतकालिक. ते महिन्याला निघेल, तिमाही निघेल किंवा फक्त ऑनलाइन असेल. मासिकाचा संपादक लेख वाचून स्वतः निर्णय घेतो. जर्नलचा संपादक मात्र तो लेख त्याच विषयात काम करणाऱ्या दोन-तीन बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवतो. बऱ्याचदा लेखकाला तज्ज्ञांची नावं कळत नाहीत, तर काही ठिकाणी तज्ज्ञांनाही लेखकाचं नाव सांगत नाहीत.

तज्ज्ञ काय बघतात? प्रश्न नीट मांडला आहे का, पद्धत योग्य आहे का, आकडे निष्कर्षाला पुरेसे आहेत का, आधीच्या कामाचा उल्लेख आहे का. मग ते दुरुस्त्या सुचवतात किंवा लेख नाकारायला सांगतात. या सगळ्याला आठवडे, अनेकदा महिने लागतात. त्यामुळे 'दोन दिवसांत स्वीकृती' असं कुणी सांगितलं, तर तपासणी झालेली नाही असं खुशाल समजा.

पीअर रिव्ह्यू झाला म्हणजे लेख शंभर टक्के बरोबर, असं मात्र नाही. तज्ज्ञही माणसंच असतात. आकडेच बनावट असतील तर ते त्यांना दरवेळी कळत नाही. ही पहिली चाळणी आहे, शेवटची नव्हे.

कुणी काय पाळायचं असतं?

१९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय जर्नलच्या संपादकांनी एकत्र येऊन 'कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स' म्हणजे 'कोप' ही संस्था सुरू केली. प्रकाशनाच्या नीतीबाबत आज जगभरातली जर्नल तिच्या मार्गदर्शक सूचना वापरतात. या क्षेत्रात सर्वमान्य असलेल्या अपेक्षा साध्या शब्दांत अशा:

- लेखक: आकडे बनवायचे नाहीत, त्यात फेरफार करायचे नाहीत, दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून द्यायचं नाही. एकच लेख एकाच वेळी दोन जर्नलला पाठवायचा नाही. पैसा कुणी दिला आणि कुणाशी हितसंबंध आहेत, ते उघड सांगायचं.
- परीक्षक: लेख गुप्त ठेवायचा, त्यातली कल्पना स्वतःसाठी वापरायची नाही, लेखकाशी मैत्री किंवा वैर असेल तर आधीच बाजूला व्हायचं.
- संपादक: ओळख, दबाव किंवा पैसा बघून निर्णय घ्यायचा नाही. चूक लक्षात आली तर दुरुस्ती छापायची, गंभीर असेल तर लेख जाहीरपणे मागे घ्यायचा.
- प्रकाशक: शुल्क किती ते आधीच सांगायचं, संपादक मंडळाची खरी नावं द्यायची, जुने अंक कायम उपलब्ध ठेवायचे.

यात सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम लेखकाच्या नावाचा. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत. कामात भरीव वाटा हवा, लिहिण्यात किंवा मजकूर गांभीर्याने सुधारण्यात सहभाग हवा, अंतिम मसुद्याला संमती हवी आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही अटी पूर्ण व्हायला हव्यात. गाईड आहेत म्हणून, विभागप्रमुख आहेत म्हणून किंवा मित्राला बढतीसाठी एक पेपर कमी पडतोय म्हणून नाव घालणं यात बसत नाही. उलट काम करूनही विद्यार्थ्याचं नाव गाळणं हा तितकाच गंभीर दोष आहे.

मग बिघडलं कुठे?

बिघाडाचं मूळ मोजणीत आहे. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी किमान एक शोधनिबंध छापणं सक्तीचं झालं. २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी गुणांची पद्धत आली. शोधनिबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, परिषदेला इतके.

हेतू चांगला होता. पण ज्या कॉलेजात प्रयोगशाळा धड नाही, ग्रंथालयात चालू जर्नल येत नाहीत, आठवड्याचे तास भरपूर आहेत, तिथल्या प्राध्यापकालाही तेवढेच पेपर दाखवायचे होते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आणि कायम जागेची वाट बघणाऱ्या तरुणांची तर आणखी कोंडी झाली. मुलाखतीत पहिला प्रश्न 'पेपर किती?' असा आला, तर 'पेपरमध्ये काय?' हा प्रश्न मागे पडणारच.

गरज तिथे बाजार. 'शोधनिबंध पाठवा, तीन दिवसांत छापून मिळेल, सर्टिफिकेट लगेच, इंपॅक्ट फॅक्टर सातच्या वर' असे मेसेज प्राध्यापकांच्या ग्रुपवर फिरू लागले. एकदिवसीय राष्ट्रीय परिषद भरवायची, नोंदणी शुल्कातच पेपर छापायचं आश्वासन द्यायचं आणि आलेले सगळे लेख कुठल्यातरी जर्नलच्या 'विशेषांकात' घालायचे, ही पद्धत तर रुळूनच गेली. अशा विशेषांकात एकही लेख नाकारला गेला नसेल, तर तिथे परीक्षण कसलं झालं, हे विचारायला हवं.

हा प्रश्न केवळ आपला नाही, पण आपला वाटा मोठा आहे. २०१५ मध्ये फिनलंडमधल्या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अशा जर्नलमध्ये २०१० साली सुमारे ५३ हजार लेख छापले गेले होते. २०१४ साली हा आकडा अंदाजे ४ लाख २० हजारांवर गेला. लेखकांपैकी साधारण ३५ टक्के भारतातले होते.

त्याआधी २०१३ मध्ये 'सायन्स' या प्रसिद्ध नियतकालिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी एक सापळा रचला होता. कर्करोगावरच्या औषधाबद्दल ढोबळ चुका असलेला बनावट लेख त्यांनी ३०४ जर्नलना पाठवला. त्यातल्या १५७ जर्नलनी तो स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. भारतातल्या जर्नलपैकी ६४ जणांनी होकार दिला, नकार फक्त १५ जणांनी.

पुण्याच्या अभ्यासात काय सापडलं?

जानेवारी २०१७ मध्ये यूजीसीने 'मान्यताप्राप्त जर्नलची यादी' जाहीर केली. त्यात ३८ हजारांहून जास्त नावं होती. काही नावं आंतरराष्ट्रीय सूचींमधून घेतलेली, तर काही देशभरातल्या विद्यापीठांनी सुचवलेली. विद्यापीठांच्या शिफारशीतून आलेल्या नावांमध्येच घोळ होता.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भाग तपासायला घेतला. विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ जर्नलमधून त्यांनी १,३३६ नावं कुठलाही क्रम न लावता निवडली. त्यातली ३२७ जर्नल स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये आधीच होती, म्हणून ती बाजूला ठेवली. उरली १,००९.

मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेला निकाल असा होता:

- सुमारे ३४.५ टक्के जर्नल प्राथमिक अटींवरच बाद झाली. पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशी साधी माहितीच चुकीची होती किंवा नव्हतीच.
- आणखी ५२.३ टक्के जर्नलनी खोटी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच कमी होती. चुकीचा आयएसएसएन नंबर, इंपॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे, संशयास्पद सूचीत नाव असल्याची फुशारकी, असे हे प्रकार होते.
- आंतरराष्ट्रीय सूचीत नसलेल्या या जर्नलपैकी एकूण ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल निकृष्ट दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष निघाला.

सरकारी शिक्का असलेल्या यादीच्या या भागात दहापैकी जवळपास नऊ नावं शंकास्पद निघाली होती. मे २०१८ मध्ये यूजीसीने यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली.

'यूजीसी केअर' काय होतं?

नोव्हेंबर २०१८ मध्ये यूजीसीने 'केअर' या नावाने नवी व्यवस्था जाहीर केली. जर्नल तपासण्याचं काम पुणे विद्यापीठातल्या 'सेंटर फॉर पब्लिकेशन एथिक्स'कडे आलं. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली विद्यापीठं त्याला मदत करत होती. जून २०१९ पासून नवी यादी लागू झाली. पुढे तिचे दोन गट झाले. पहिल्या गटात केअरने स्वतः तपासलेली जर्नल, दुसऱ्या गटात स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधली जर्नल.

मराठीसाठी पहिला गट महत्त्वाचा होता. मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकाला आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये जागा जवळपास नसते. लोकसाहित्य, संतसाहित्य, मराठवाड्याचा स्थानिक इतिहास अशा विषयांवर मराठीतच लिहायचं, तर केअरच्या पहिल्या गटातली भारतीय भाषांमधली नियतकालिकं हाच रस्ता होता. मात्र त्या रस्त्यावरही चोर आले.

मराठी मासिकाचं नाव, आत इंजिनिअरिंगचे पेपर

'मुक्त शब्द' हे मुंबईहून निघणारं मराठी साहित्य-संस्कृतीचं मासिक. त्याच्या नावाने कुणीतरी इंग्रजी संकेतस्थळ उभं केलं. नाव तेच, आयएसएसएन नंबर तोच, वर 'यूजीसी केअर'चा दावा. आत मात्र इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट अशा वाटेल त्या विषयांवरचे इंग्रजी पेपर पैसे घेऊन छापले जात होते. मूळ मासिकाचा या उद्योगाशी काही संबंध नव्हता. केअरच्या क्लोन जर्नलच्या इशाऱ्यात हे नाव आलं.

म्हैसूरच्या 'प्लेस नेम्स सोसायटी ऑफ इंडिया'च्या जर्नलचंही असंच झालं. गावांच्या नावांचा अभ्यास छापणाऱ्या या नियतकालिकाच्या नावाखाली भलत्याच विषयांचे पेपर छापून निघाले.

छोटी, छापील, भारतीय भाषांतली नियतकालिकंच चोरांना सोयीची का पडतात? त्यांना यादीत मान असतो, पण स्वतःचं संकेतस्थळ नसतं किंवा साधंसं असतं. गुगलवर शोधलं की बनावट संकेतस्थळच आधी दिसतं. नुकसान तिघांचं होतं. मूळ मासिकाचं नाव खराब होतं. पैसे भरणाऱ्या संशोधकाचा पेपर छाननीत बाद होतो. आणि त्या पेपरवर विसंबणारा वाचक फसतो. लेखकांपैकी काही खरोखर फसलेले असतात, काहींना सगळं माहीत असतं. बाहेरून दोघांचा पेपर सारखाच दिसतो.

यादी बंद का झाली?

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी बंद केल्याची जाहीर सूचना काढली. यादीमुळे सगळा निर्णय एकाच ठिकाणी एकवटतो, नावं घालायला आणि काढायला वेळ लागतो, भारतीय भाषांमधल्या चांगल्या जर्नलवर अन्याय होतो, अशा तक्रारी होत्या. यादीच्या जागी यूजीसीने आठ गटांत विभागलेले ३६ सुचवलेले निकष दिले आणि विद्यापीठांनी आपापली पद्धत ठरवावी, असं म्हटलं.

याच्या दोन बाजू आहेत. यादीने विचार करायची सवय मोडली होती, हे खरं. नाव यादीत आहे का एवढंच बघायचं, पेपर वाचायचा नाही, असं चाललं होतं. क्लोनवाल्यांचा धंदाही यादीतल्या नावावरच उभा होता. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१७ च्या यादीत निकृष्ट नावं आली ती विद्यापीठांच्याच शिफारशीतून. आता तेच काम पुन्हा विद्यापीठांकडे गेलं आहे. निकष कागदावर राहिले आणि छाननी समितीने न वाचताच सही केली, तर आपण फिरून जिथून निघालो तिथेच येऊ.

जर्नल तपासायचं कसं? ही घ्या यादी

पेपर पाठवण्याआधी अर्धा तास काढा आणि हे बघा:

1. जुने अंक उघडा. त्यातले तीन-चार लेख वाचा. विषय एकच आहे का? 'आंतरविद्याशाखीय' या नावाखाली उसाच्या लागवडीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत सगळं एकाच अंकात असेल, तर सावध व्हा.
2. संपादक खरे आहेत का? त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन नाव शोधा. तिथे दिलेल्या ईमेलवर 'आपण या मंडळावर आहात का?' असं विचारा. अनेकांना आपलं नाव वापरलं जातंय हे माहीतही नसतं.
3. आयएसएसएन पोर्टलवर नंबर टाका. तिथलं नाव, भाषा आणि प्रकाशनाचं गाव जुळतंय का बघा. लक्षात ठेवा, आयएसएसएन ही फक्त ओळख आहे, वाहनाच्या नंबर प्लेटसारखी. ती गाडी चांगली असल्याचं सांगत नाही.
4. सूची मूळ ठिकाणी तपासा. स्कोपसची स्रोत-यादी, वेब ऑफ सायन्सची मास्टर लिस्ट आणि खुल्या जर्नलची 'डीओएजे' ही सूची ऑनलाइन तपासता येते. जर्नलच्या पानावरच्या लोगोवर जाऊ नका. सूचीतूनच जर्नलच्या संकेतस्थळाचा दुवा उघडा.
5. इंपॅक्ट फॅक्टर कुणी दिला? ही संख्या क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा या वर्षी सरासरी किती वेळा उल्लेख झाला, ते ती सांगते. भलत्याच संस्थेने दिलेल्या 'इंपॅक्ट फॅक्टर'ला अर्थ नाही.
6. पैसे कधी आणि कुणाला? शुल्क घेणं हा गुन्हा नाही. अनेक नामांकित खुली जर्नलही घेतात. पण ती रक्कम आधी जाहीर करतात आणि लेख स्वीकारल्यावर मागतात. पेपर वाचण्याआधी कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागितले, तर तिथेच थांबा.
7. क्लोनची शंका आहे? छापील अंक ग्रंथालयातून मिळवा आणि त्यातल्या पत्त्यावर किंवा फोनवर विचारा. 'रिट्रॅक्शन वॉच' या संकेतस्थळावर हायजॅक झालेल्या जर्नलची यादीही मोफत बघता येते.

या सगळ्यातून एकच प्रश्न स्वतःला विचारा: या जर्नलने माझा पेपर नाकारला असता का? उत्तर 'शक्यच नाही' असेल, तर तिथे छापून काही मिळवलं असं होत नाही.

नियम मोडला तर काय होतं?

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे नियम जुलै २०१८ पासून आहेत. सॉफ्टवेअरने दाखवलेली समानता किती, यावर शिक्षा ठरते. योग्य उल्लेखासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत.

- १० टक्क्यांपर्यंत: किरकोळ साम्य, शिक्षा नाही.
- १० ते ४० टक्के: प्रबंध असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. छापलेला पेपर असेल तर मागे घ्यावा लागतो.
- ४० ते ६० टक्के: विद्यार्थ्याला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. प्राध्यापकाला पेपर मागे घ्यावा लागतो, एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.
- ६० टक्क्यांच्या वर: विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. प्राध्यापकाच्या सलग दोन वेतनवाढी जातात आणि तीन वर्षं गाईडशिप बंद.

पण टक्का म्हणजे सगळं नव्हे. इंग्रजी पुस्तकातला मजकूर मराठीत उतरवला, तर सॉफ्टवेअरला तो सहज सापडत नाही. तरीही ती चोरीच असते. ती पकडायला विषय वाचलेला माणूस लागतो.

प्रकाशकांवर कारवाई क्वचित होते, पण होते. हैदराबादच्या 'ओमिक्स' या प्रकाशन समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा केला होता. परीक्षणाबद्दल खोटे दावे करणं, शुल्क लपवणं असे आरोप होते. मार्च २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ५ कोटी १ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला.

बड्या प्रकाशकांकडेही सगळं आलबेल नसतं. वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये 'हिंदावी' विकत घेतली. तिथल्या विशेषांकांमध्ये परीक्षणाची संघटित फसवणूक झाल्याचं उघड झाल्यावर २०२३ या एका वर्षात हजारो लेख मागे घ्यावे लागले.

आपण संशोधक नाही, मग आपला काय संबंध?

१९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. अवघ्या १२ मुलांच्या माहितीवरून त्यात गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवला होता. पुढे माहितीतला गैरप्रकार आणि लपवलेले हितसंबंध उघड झाले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत ब्रिटनमध्ये लसीकरण घटलं आणि गोवर परतला. लेख मागे घेतला गेला, पण ती भीती आजही मेसेजमधून फिरते.

हे एका मान्यवर जर्नलमध्ये घडलं. जिथे परीक्षणच नसतं, तिथे काय होत असेल याची कल्पना करा. म्हणून पुढच्या वेळी 'संशोधनात सिद्ध झालंय' असं दिसलं, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. जर्नलचं नाव दिलं आहे का? लेख उघडता येतो का? आणि तो मागे घेतलेला तर नाही ना? मागे घेतलेल्या लेखाच्या पानावर बहुतेक वेळा वरच 'रिट्रॅक्टेड' असं लिहिलेलं असतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पीएच.डी.साठी पेपर छापणं अजून सक्तीचं आहे का?
यूजीसीच्या २०२२ च्या नियमांमध्ये ती सक्ती राहिलेली नाही. पण विद्यापीठाचे स्वतःचे नियम असू शकतात. आपल्या संशोधन केंद्रात लेखी विचारून घ्या. 'संशोधन आणि प्रकाशन नीती' हा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम मात्र पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना करावा लागतो.

केअर यादीत असताना छापलेल्या माझ्या पेपरचं काय?
पेपर कधी छापला आणि तेव्हा जर्नल यादीत होतं का, याचा पुरावा जपून ठेवा. यादीच्या पानाची प्रत, अंकाचं मुखपृष्ठ, स्वीकृतीचं पत्र आणि परीक्षकांचे शेरे एका फाइलमध्ये असू द्या.

चुकून बोगस जर्नलला पेपर गेला, आता?
छापला नसेल तर ईमेलने लेखी माघार घ्या आणि ईमेल जपून ठेवा. माघारीसाठी पैसे मागितले तर घाईने भरू नका, आधी गाईडशी आणि कॉलेजच्या संशोधन समितीशी बोला. पहिल्या ठिकाणचा निकाल लागेपर्यंत तोच पेपर दुसरीकडे पाठवू नका. छापून आला असेल तर तो लपवण्यापेक्षा स्वतःहून सांगणं चांगलं.

एआयकडून पेपर लिहून घेतला तर चालेल?
'कोप'च्या भूमिकेनुसार एआय साधनाला लेखक म्हणता येत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. वापर केला असेल तर कुठे आणि कसा ते लेखात सांगावं लागतं. त्यातल्या चुकांना आणि खोट्या संदर्भांना तुम्हीच जबाबदार असता.

छोटं मराठी नियतकालिक म्हणजे कमी दर्जा का?
मुळीच नाही. संपादक ओळखीचे, परीक्षण प्रामाणिक आणि अंक नियमित असेल, तर छोटं नियतकालिक विषयाची मोठी सेवा करतं. दर्जा भाषेवर ठरत नाही, तपासणीवर ठरतो.

कारखान्यात शेवटी एकच विचारलं जातं, की हा भाग तपासला कुणी. शोधनिबंधालाही तोच प्रश्न लागू आहे. इतकी वर्षं त्याचं उत्तर 'यादीत नाव आहे' असं देऊन चालत होतं. आता ते उत्तर उपलब्ध नाही. कॉलेजातल्या छाननी समितीला पेपर उघडून वाचावा लागेल, गाईडला विद्यार्थ्यासोबत बसावं लागेल आणि आपल्याला फॉरवर्ड करण्याआधी क्षणभर थांबावं लागेल.